संगणकावरची सायक्लोॲडिशन: एका फिरत्या मजकुराला उत्तर

मुंबईतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये आणि शिक्षकांमध्ये सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: सजीवांमध्ये नैसर्गिक संयुगे तयार होताना ज्या सायक्लोॲडिशन अभिक्रिया (दोन तुकडे एकमेकांना जोडून अणूंचे वलय बनवणाऱ्या अभिक्रिया) घडतात, त्यांची संगणकीय प्रतिमाने म्हणजे प्रयोगाने आधीच दिलेल्या उत्तराचे मागाहून काढलेले चित्र असते, या गणनांतील चूक इतकी मोठी असते की त्यांतून काहीच ठरत नाही, डील्स–आल्डर या सर्वांत परिचित सायक्लोॲडिशनसाठी संगणकावर एन्झाइम रचून पाहिले तेव्हा ८४ आराखड्यांपैकी फक्त दोन चालले, सबब एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला असा प्रकल्प देणे ही त्याची फसवणूक आहे. विद्यार्थी या मजकुराच्या आधारे आपला विषय ठरवू लागले आहेत, म्हणून त्यातील प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला आरोप मागाहून काढलेल्या चित्राचा. मॅक्रोफोमेट सिंथेस या बुरशीतील एन्झाइमची स्फटिकरचना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ते निसर्गातील डील्स–आल्डर अभिक्रिया घडवते, या मताला तिने बळ दिले. २००५ मध्ये येल विद्यापीठातील विल्यम जॉर्गेन्सन यांच्या गटाने अभिक्रियेचे केंद्र क्वांटम पद्धतीने आणि भोवतालचे प्रथिन अभिजात यामिकीने हाताळून दोन्ही संभाव्य मार्गांची तुलना केली. त्यांचा निष्कर्ष प्रचलित मताच्या उलट होता: एका झटक्यात होणाऱ्या डील्स–आल्डर अभिक्रियेपेक्षा आधी मायकेल आणि मग आल्डॉल या नावांच्या अभिक्रिया असा दोन टप्प्यांचा मार्ग ऊर्जेच्या दृष्टीने कितीतरी सोपा होता. हे एन्झाइम आल्डॉल अभिक्रियाही घडवू शकते, हे प्रयोगांनी त्यानंतर दाखवले. उत्तर आधी ठाऊक असते, तर गणनेने त्याच्या विरुद्ध जाण्याचे कारणच नव्हते.

दुसरे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सॅकरोपॉलिस्पोरा स्पिनोसा हा जीवाणू स्पिनोसिन हे कीटकनाशक संयुग बनवतो. त्याच्या जैवसंश्लेषणातील एसपीएनएफ हे एन्झाइम ४+२ सायक्लोॲडिशनचा (एका तुकड्याचे चार आणि दुसऱ्याचे दोन अणू वलयात येणाऱ्या, म्हणजेच डील्स–आल्डर प्रकारच्या अभिक्रियेचा) वेग सुमारे ५०० पटींनी वाढवते, असे २०११ मध्ये टेक्सास विद्यापीठातील हुंग-वेन लिऊ यांच्या गटाने दाखवले. पुस्तकी दृष्टीने विषय तेथेच संपला असता. परंतु २०१६ मध्ये केंडल हाउक, डॅनियल सिंगलटन आणि लिऊ यांच्या गटांनी केलेल्या गणनांत असे दिसले की या अभिक्रियेची संक्रमण अवस्था (वाटेवरचा सर्वाधिक ऊर्जेचा टप्पा) एकाच वेळी दोन उत्पादनांकडे जाते. घाटातील एकच खिंड ओलांडल्यावर वाट दोन खोऱ्यांत फुटावी, तसा हा प्रकार आहे: काही रेणू सरळ ४+२ उत्पादनाकडे उतरतात, काही ६+४ उत्पादनाकडे, आणि ६+४ उत्पादन पुढे कोप पुनर्रचनेने (रेणूतील बंध आपसांत बदलणाऱ्या अभिक्रियेने) ४+२ मध्ये बदलते. ही फूट फेम्टोसेकंदांच्या (सेकंदाच्या एक हजार-लाख-कोटीव्या भागाच्या) मापाने घडते, आणि अंतिम उत्पादनाकडे पाहून तिचा पत्ता लागत नाही. एवढेच काय, संक्रमण अवस्थेतून निघणारी किमान ऊर्जेची एकच वाट काढून थांबणाऱ्या गणनेलाही ती दिसत नाही. त्यासाठी रेणूच्या गतीचे अनेक मार्ग स्वतंत्रपणे चालवून पाहावे लागतात. पुढे २०१९ मध्ये स्ट्रेप्टोसिओमायसिन आणि नार्जेनिसिन यांच्या जैवसंश्लेषणात ६+४ सायक्लोॲडिशन घडवणारी एन्झाइमे प्रत्यक्ष सापडली, आणि तेथेही तशीच दुहेरी संक्रमण अवस्था आढळली. हा शोध २०१६ च्या गणनेमुळेच लागला, असा माझा दावा नाही. पण त्या एन्झाइमांचे वर्तन समजण्यासाठी लागणारी कल्पना त्या गणनांनी आधीच उभी केली होती.

गणनांतील चुकीबद्दलचा दुसरा आरोप अर्धा खरा आहे. सामान्य तापमानाला, अभिक्रियेला ओलांडाव्या लागणाऱ्या अडथळ्याच्या ऊर्जेत सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढा फरक पडला, तर वेग दहा पटींनी बदलतो. एसपीएनएफची ५०० पट वाढ म्हणजे जेमतेम ३.७ किलोकॅलरी. घनता-फलन पद्धतींत (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या, आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतींत) दोन-तीन किलोकॅलरींची चूक सहज होते, आणि बी३एलवायपी हे लोकप्रिय फलन (या पद्धतीतील एक गणनासूत्र) सायक्लोॲडिशनमध्ये मुक्त होणारी ऊर्जा पद्धतशीरपणे कमी दाखवते. तेव्हा अशा गणनेतून कोणी अचूक वेग सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र एकाच रेणूच्या एंडो आणि एक्सो मार्गांची (तुकडे एकमेकांवर कोणत्या बाजूने येतात, एवढाच फरक असलेल्या दोन मार्गांची) तुलना करताना दोन्हींकडची चूक सारखीच असल्याने बरीचशी वजा होते. मॅक्रोफोमेट सिंथेसमध्ये मार्गच वेगळ्या जातीचे होते, तेथे चूक तशी वजा होत नाही. पण तेथील फरक दहा किलोकॅलरींहून अधिक होता. चूक किती आहे, एवढेच विचारून भागत नाही. ज्या फरकावर निष्कर्ष उभा आहे, त्याच्या तुलनेत ती किती आहे, हे पाहावे लागते.

आता ८४ आराखड्यांविषयी. हा आकडा खरा आहे. २०१० मध्ये संगणकावर प्रथिने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने निवडलेल्या ८४ आराखड्यांपैकी ५० प्रथिने विद्राव्य स्वरूपात मिळाली आणि दोघांत क्रिया दिसली. मजकूर येथेच थांबतो. दोन वेगळ्या रेणूंमधील डील्स–आल्डर अभिक्रिया घडवणारे नैसर्गिक एन्झाइम त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या आराखड्यांतून योजलेलाच त्रिमितीय समघटक (त्याच अणूंची अवकाशातील ठरावीक मांडणी) जवळजवळ निर्भेळ मिळाला, हे त्यात सांगितलेले नाही. शिवाय ८२ आराखडे प्रयोगाने नाकारले गेले, याचा अर्थ ती भाकिते खोटी ठरू शकत होती. मागाहून काढलेले चित्र कधीच खोटे ठरत नाही. मजकुरातील पहिला आणि तिसरा आरोप एकत्र टिकत नाहीत.

राहिला प्रकल्पाचा प्रश्न. कलिना, माटुंगा किंवा पवई येथे कोठेही शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एन्झाइमशिवाय घडणाऱ्या अभिक्रियेचा अभ्यास साध्या संगणकावर करता येतो. ऑर्का ही संगणकप्रणाली शैक्षणिक कामासाठी विनामूल्य मिळते. फसवणूक होते ती एकच संक्रमण अवस्था शोधून तिचे रंगीत चित्र अहवालात चिकटवले जाते तेव्हा. म्हणून मार्गदर्शकाने रेणूच्या सर्व शक्य ठेवणी (बंध न तोडता वळवून मिळणारे आकार) तपासून घ्याव्यात, संक्रमण अवस्थेला नेमकी एकच काल्पनिक कंपनवारंवारता (ती खरोखर खिंड असल्याची गणितातील खूण) आहे याची खात्री करवावी, दोन्ही दिशांना मार्ग उतरवून तो कोणत्या रेणूंपाशी पोहोचतो हे पाहायला लावावे, आणि किमान दोन फलनांनी तीच गणना पुन्हा करवून त्यांतील तफावत निष्कर्षाशेजारी लिहायला सांगावे.