मेटफॉर्मिन किडनी ‘खाते’ म्हणे!

गेल्या महिन्यात मावशीने साखरेची गोळी परस्पर बंद केली. का, म्हणून विचारलं तर तिने मोबाईलच पुढे केला. ‘मेटफॉर्मिन हळूहळू किडनी खाते. परदेशात बंदी आहे, डॉक्टर सांगत नाहीत. 21 दिवस कारल्याचा रस घ्या, गोळ्या कचऱ्यात टाका.’ खाली ‘जनहितार्थ’. अठराव्या दिवशी मावशीची उपाशीपोटी साखर 274. त्यामुळे गोड बोलायची माझी फारशी तयारी नाही.

आधी किडनीचं बघू. किडनी अशक्त झाली की डॉक्टर मेटफॉर्मिनचा डोस उतरवतात आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा आकडा, 30 च्या खाली गेला तर गोळी बंदच करतात. कुणीतरी एवढंच पाहिलं आणि ठरवून टाकलं की गोळीनेच किडनी गेली. अहो, हे औषध शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. बाहेर टाकणारी किडनीच मंदावली तर ते रक्तात साठणार, म्हणून डोस कमी. मोरी तुंबली की आपण नळ बारीक करतो. त्यावरून नळाच्या पाण्याने मोरी तुंबली असं कुणी म्हणतं का? मधुमेहात किडनीची वाट लावते ती वर्षानुवर्षं चढलेली साखर, आणि जोडीला बीपी. म्हणजे किडनी वाचवायची म्हणून मावशीने नेमकी साखर आवरणारी गोळीच सोडली!

‘परदेशात बंदी’ वगैरे. बाजारातून गेलं ते फेनफॉर्मिन, याच कुळातलं दुसरं औषध, 1970 च्या दशकात. त्याने रक्तात लॅक्टिक आम्ल साठून माणसं दगावत होती. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका फार क्वचित, आणि तोही मुख्यतः किडनी आधीच निकामी असेल तेव्हा. अमेरिकेत त्याला 1994 मध्ये मंजुरी मिळाली. 2020 मध्ये तिथे काही बॅचेस अशुद्धीमुळे परत मागवल्या होत्या, पण बॅच परत मागवणं म्हणजे औषधावर बंदी नव्हे.

उलट ब्रिटनचा यूकेपीडीएस अभ्यास बघा, 1998 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. वजन जास्त असलेले मधुमेही, सरासरी दहा वर्षांहून जास्त पाठपुरावा. मुख्यतः पथ्यावर ठेवलेल्यांच्या तुलनेत मेटफॉर्मिनवाल्यांत एकूण मृत्यू 36 टक्क्यांनी कमी. कारल्याच्या रसाचा असा एक तरी अभ्यास दाखवा, मग बोलू. कारल्याची भाजी मीही खातो, तो मुद्दाच नाही.

बरं, त्या मेसेजमध्ये एक ओळ होती, ‘अशक्तपणा येतो, पायाला मुंग्या येतात’. ती अगदीच खोटी नाही. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-12 कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी घरात ते आधीच बेताचं असतं. मुंग्या मधुमेहानेही येतात, म्हणून अंदाज न बांधता रक्त तपासायचं. पोट बिघडतं हेही खरं. गोळी जेवणासोबत घ्यायची, तरी जुलाब थांबले नाहीत तर हळूहळू विरघळणारी गोळी मिळेल का ते डॉक्टरांना विचारायचं. मावशीला सात वर्षांत यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांवरचा तिचा तेवढा राग मला मान्य आहे.

सोमवारी डॉक्टरांना दाखवून गोळी पुन्हा सुरू केली. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि बी-12 चे रिपोर्ट परवा येतील. कॉलनीच्या ग्रुपवर त्या मेसेजला अजून अंगठे येतायत, त्यातला एक मावशीचाच.