दीडशे स्तोत्रं आणि एकटा दावीद

‘बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं दावीद राजाने एकट्याने रचली. सगळी देवाच्या स्तुतीची. आणि हिब्रूत ना यमक, ना वृत्त. तेव्हा कविता आपली म्हणायला, खरं तर ते गद्यच.’ हा मजकूर महिन्याभरात तीन ग्रुपांवरून माझ्याकडे आला. पाठवणारे भाविकही होते आणि नास्तिकही, त्यामुळे उत्तर दोघांनाही एकच.

आधी दावीद. हिब्रू स्तोत्रसंहितेत ‘ल-दावीद’ असा मथळा ७३ स्तोत्रांवर आहे. म्हणजे मथळ्यांवर विसंबलं तरी निम्मीसुद्धा भरत नाहीत. बारांवर आसाफ या गायकाचं नाव आहे, अकरांवर कोरहाच्या वंशजांचं, नव्वदाव्यावर तर मोशेचं. शिवाय त्या ‘ल’चा अर्थ ‘-चे’ होतो, ‘-साठी’ होतो, ‘-विषयी’ही होऊ शकतो. तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ आत विणलेलं असतं, काढलं तर चरण लंगडतो. इथे नाव कवितेबाहेर आहे, आणि बाहेरचं नाव नंतरही चिकटवता येतं.

तसं ते चिकटवलं गेलंही. १३७वं स्तोत्र घ्या: बाबेलच्या नद्यांकाठी आम्ही बसलो, सियोन (म्हणजे यरुशलेम) आठवून रडलो, वीणा झाडांना टांगून ठेवल्या. यरुशलेम पडलं आणि तिथले लोक कैद होऊन बाबेलला गेले ते इ.स.पू. ५८६च्या सुमारास, दावीदाचा काळ त्याच्या चारेकशे वर्षं आधीचा. हिब्रू प्रतीत या स्तोत्राला मथळाच नाही. ग्रीक भाषांतरात मात्र वर ‘दावीदाचे’ असं येऊन बसलं आहे!

७२व्या स्तोत्राच्या शेवटी लिहिलंय की इशायपुत्र दावीदाच्या प्रार्थना इथे संपल्या. पुढे ८६व्यावर पुन्हा मथळा: ‘दावीदाची प्रार्थना’. १४वं आणि ५३वं स्तोत्र जवळजवळ शब्दशः एकच, फक्त देवाचं नाव पहिल्यात बहुतेक ठिकाणी ‘यहोवा’ तर दुसऱ्यात ‘एलोहीम’. एकाच माणसाची वही अशी दिसत नाही. निरनिराळ्या गायकांच्या वह्या एकत्र बांधल्या की अशी दिसते. ते गायक कोण, तर बायबलमधल्याच एज्राच्या ग्रंथात बाबेलहून परतलेल्यांची यादी आहे, तीत आसाफच्या घराण्यातले १२८ गायक मोजलेत. (नहेम्याच्या यादीत तेच १४८. यादी करणाऱ्यांचे घोळ तेव्हाही होतेच.)

‘सगळी स्तुतीची’ हा गैरसमज नावामुळे होतो. संहितेचं हिब्रू नाव ‘तेहिलीम’, म्हणजे स्तुतिगीतं. पण आत सर्वांत मोठा गट गाऱ्हाण्यांचा आहे. ८८वं उघडून बघा. बहुतेक विलापांच्या शेवटी आशेची एखादी ओळ येते, इथे तीही नाही. हिब्रूतला शेवटचा शब्द आहे ‘अंधार’.

आता गद्याचा मुद्दा. नियमित यमक नाही, हे खरं. पण या कवितेचा जोर समांतर चरणांवर आहे. ११४व्यातली ही जोडी पाहा: डोंगर एडक्यांसारखे उडाले, टेकड्या कोकरांसारख्या. दुसऱ्या चरणात क्रियापद नाही, ऐकणाऱ्याने ते पहिल्यातून उचलायचं. या रचनेला ‘समांतरता’ हे नाव रॉबर्ट लोथ या इंग्रज अभ्यासकाने १७५३ साली छापलेल्या व्याख्यानांत रूढ केलं. ही जोडी भाषांतरातही टिकते. आद्याक्षरांची कारागिरी मात्र टिकत नाही. ११९व्या स्तोत्रात १७६ ओवी आहेत: वर्णमालेची २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराने सुरू होणाऱ्या आठ-आठ. मराठीत वाचताना तो नुसता लांबलचक पाठ वाटतो.

१४५वंही वर्णानुक्रमी, पण पारंपरिक हिब्रू प्रतीत ‘मेम’ या अक्षरानंतर थेट ‘सामेख’ येतं; मधली ‘नून’ची ओवी गायब. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात यावर खुलासा आहे: इस्राएलच्या पतनाची, बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथातली ओळ ‘नून’नेच सुरू होते, म्हणून दावीदाने ते अक्षर टाळलं. खुलासा सुंदर आहे. पण १९५६ साली मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत स्तोत्रांची मोठी गुंडाळी सापडली. तीत १४५वं स्तोत्र आहे, आणि ‘नून’ची ओवी जागच्या जागी आहे.