टायटॅनियमला गंज चढत नाही

"कितना जोडी का माल चाहिये?" ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या दुकानदाराने विचारलं.

कुर्ला आणि चेंबूरच्या मधली ही वस्ती म्हणजे चपला-बुटांचं माहेरघर. ज्या ईव्हीए फोमचे सोल आपण वर्षभर पायाखाली तुडवतो, त्याच्या मोठाल्या शीट इथे मिळतात. दहा मिलिमीटरच्या सहा आणि सहा मिलिमीटरच्या चार, असा माझा हिशेब होता.

"जोडी नहीं, एक ही बनाना है," मी म्हणालो. "लेकिन पूरा आदमी."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या पोराकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता शीट गुंडाळायला घेतल्या. मुंबईच्या दुकानदारांचा हा गुण मला फार आवडतो.

तो पूर्ण माणूस म्हणजे मास्टर चीफ. 'हेलो' नावाचा गेम 2001 साली एक्सबॉक्स या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राबरोबर आला आणि 2003 साली पीसीवर. तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि अभ्यासाच्या नावाखाली मित्राच्या घरी बसून तो खेळायचो. हा त्यातला नायक. नखशिखांत हिरवं चिलखत, डोळ्यांपुढे सोनेरी काच. गेममध्ये हा गृहस्थ खेळणाऱ्याला कधी तोंड दाखवत नाही. त्याला निवडण्यामागे माझं कॉलेजातलं प्रेम वगैरे कारणीभूत असल्याचं मी सगळ्यांना सांगतो. प्रत्यक्षात माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याला कॉस्प्ले स्पर्धेसाठी, म्हणजे गेम-सिनेमातल्या पात्रांचा वेश करून जायच्या स्पर्धेसाठी, जोडीदार हवा होता, आणि तो म्हणाला होता, "मामा, तू तोंड झाकलेलं कॅरेक्टर घे."

मास्टर चीफ चिलखतासकट सात फुटांच्या वर जातो. मी पाच फूट पाच इंच. त्यातला एक इंच विम्याच्या अर्जावर वाढवलेला आहे.

सुरुवात कागदापासून होते. पेपाकुरा नावाचं एक जपानी सॉफ्टवेअर आहे. मिठाईचं खोकं उलगडून सपाट करावं तसं ते गेममधलं अख्खं हेल्मेट उलगडून पानांवर पसरवतं आणि प्रत्येक कडेला नंबर देतं. सतराला सतरा जोडायचा, अठराला अठरा. हे साचे मी नाक्यावरच्या दुकानातून छापून आणले आणि दोन रात्री जागून चिकटवले. तिसऱ्या रात्री हेल्मेट डोक्यात घातलं. ते नाकापर्यंत आलं आणि अडलं. छापताना 'फिट टू पेज'वर खूण राहिली होती, त्यामुळे प्रत्येक पान पाचेक टक्क्यांनी आकसलं होतं. पाच टक्के म्हणजे काय हे व्याजदरात कळत नाही, कानांना कळतं. बायकोने ते काढायला खोबरेल तेल आणलं. आई म्हणाली, "पाटल्या अडकल्या की साबण लावतात."

हेल्मेट पुन्हा छापलं. मग फोम कापायला घेतला.

फोम दिसतो लोण्यासारखा, पण पातं खातो. कटरला दर पाच-सहा कापांनंतर नवं टोक मोडून घ्यावं लागतं, नाहीतर तो कापत नाही, कुरतडतो. त्यातून कडा सरळ कापून चालत नाही. पंचेचाळीस अंशांत तिरक्या कापायच्या, म्हणजे दोन तुकडे काटकोनात मिटतात. मी नववीत भूमितीला जेवढे अंश मोजले नसतील तेवढे बाल्कनीत बसून मोजले. आमची बाल्कनी डोंबिवलीची आहे. तिच्यात मी, फोम आणि तुळस यांपैकी कोणतेही दोनच मावतात.

जोडायला चांभाराचं सोल्यूशन. त्याची रीत साध्या गोंदाच्या उलट आहे. दोन्ही बाजूंना लावायचं, दहा मिनिटं वाळू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच एकमेकांवर टेकवायचं. एकदा टेकलं की संपलं. सरकवून घेऊ, नीट करू, असली भानगड नाही. वासाने डोकं गरगरतं म्हणून दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या. नेमक्या त्याच वाऱ्याने खालचा पेपर उडाला आणि डाव्या पोटरीच्या तुकड्यावर जाऊन बसला. खरवडून थोडा निघाला. पण त्या पोटरीच्या आत 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' इतकी जाहिरात अजून वाचता येते.

हीट गन हे मात्र सुख आहे. गरम हवेचा झोत फिरवला की फोमची भोकं मिटतात, पृष्ठभागावर साय धरल्यासारखी चकाकी येते. तसाच मांडीवर धरून वाकवला की निवेपर्यंत तो आकार घेतो आणि मग सोडत नाही. 'मांडीवर धरून' हे मी एकदाच केलं. नंतर बायकोने पोळपाट-लाटण्याची परवानगी दिली.

फटींचा प्रश्न आला तेव्हा मला वाटलं, यात काय एवढं? शेजारी रंगकाम चालू होतं. तिथल्या रंगाऱ्याकडून वाटीभर लांबी मागून आणली, पॉलिश पेपर मारला, खांद्यापासून मनगटापर्यंत सगळं गुळगुळीत झालं. मी ऐटीत कोपर वाकवलं. दिवाळीत भिंत खरवडल्यावर पडतो तसा चुन्याचा पाऊस पडला. रंगारी दारातूनच म्हणाला, "साहेब, भिंत वाकत नाही ना." मग खिडकीच्या चौकटीत भरतात ते लवचीक सीलंट आणलं. त्यावर पाणी घातलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे चार हात, नाहीतर फोम रंग पीत बसतो. मग ऑलिव्ह हिरवा स्प्रे. पेपर सगळीकडे अंथरला होता. फक्त तुळस राहिली.

"तुळशीला काय झालं रे?" आईने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"बहरलीय," मी म्हणालो.

रंग वाळला. सगळे तुकडे सोफ्यावर मांडले आणि पोटात खड्डा पडला. इतकं करून ते नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या बादलीसारखं दिसत होतं. भाच्याने चष्मा वर करून निरखलं आणि निकाल दिला, "मामा, हा लढाईला गेलेलाच नाही. हा आत्ता खोक्यातून निघालाय."

इथून खरं काम सुरू झालं. वस्तू नवी करायला आपल्याला जन्मापासून शिकवलेलं असतं. जुनी करायला कोणी शिकवत नाही. आठवडाभर मी वाटेत दिसेल ते निरखत हिंडलो. टेम्पोचा फाळका पाहिला, सोसायटीच्या जिन्याचा कठडा पाहिला, लिफ्टचं दार पाहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काही हरवलंय का?" मी म्हणालो, "नाही, कुठे टवके उडालेत ते बघतोय." त्यांनी लगेच मेंटेनन्सच्या थकबाकीचा विषय काढला.

पण हिंडून एक गोष्ट कळली. रंग वाटेल तिथून जात नाही. तो आधी कडेवरून जातो आणि मग हात लागतो तिथून. मळ याच्या बरोबर उलटा, तो कोपऱ्यात जाऊन बसतो. आमच्या घरचा पोळ्यांचा तवा हे याचं सर्वोत्तम पाठ्यपुस्तक आहे. मधे घासून घासून करड्या लोखंडाची झाक, काठावर तीस वर्षांची काजळी, आणि दांड्याच्या सांध्यात असं काहीतरी जे बहुधा आजीच्या काळातलं आहे. मी तो तवा टेबल लॅम्पखाली धरून अर्धा तास बसलो होतो. बायकोने स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून पाहिलं, पण बोलली नाही.

मग स्पंजचा तुकडा चंदेरी रंगात बुडवून, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा केला आणि कडांवर हलके थापटला. टवके उडाले! काळा रंग पाण्यात पातळ करून सगळीकडे फासला आणि लगेच जुन्या बनियनने पुसून काढला. खाचांतला राहिला, बाकीचा गेला. शेवटी गेरू. कुंड्यांना लावायचा उरलेला गेरू मी तव्याच्या काजळीत कालवला आणि बोटांनी खांद्यांवर असा काही गंज चढवला, की वीस वर्षं माळ्यावर पडलेल्या लोखंडी पेटीनेही लाजावं. मी भाच्याला बोलावलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "याचं चिलखत टायटॅनियमचं आहे."

"मग?"

"टायटॅनियमला गंज चढत नाही, मामा."

मी खुर्चीत बसलो. सहा आठवडे, दोन भाजलेली बोटं, एक तुळस. "हा गंज नाहीये," मी शेवटी म्हणालो. "हा चिखल आहे. कोकणातला. लाल."

"मास्टर चीफ कोकणात कधी गेला?"

"गणपतीला."

त्याने मान्य केलं. आता फक्त वार्निशचा हात बाकी होता, तो रविवारी पहाटे मारू म्हणून मी झोपलो. पहाटे उठून पाहतो तर ओट्यावर, पालथ्या पातेल्यांच्या शेजारी, उजवा खांदा निथळत होता. स्वच्छ. हिरवागार. गेरू, काजळी आणि काळा, सगळं नळाने वाहून गेलेलं.

"किती घाण झाली होती," आई म्हणाली. "इतकी मेहनत केलीस, आणि ही असली कळा घेऊन चार लोकांत जाणार? एकच झाला घासून. दुसऱ्यापर्यंत हात दुखायला लागला माझा."

मी काय बोलणार? गेरू संपला होता. 7.20ची गाडी होती.

चिलखत गोण्यांत भरून मालडब्यात चढलो, कारण बुटाखाली फोमचे तीन थर लावल्यावर मी माणसांच्या डब्यात नीट उभाही राहू शकलो नसतो. कर्जतकडून भाजी घेऊन आलेल्या एक मावशी पालेभाजीच्या गाठोड्यावर बसल्या होत्या. त्यांनी गोणीतून डोकावणारे दोन्ही खांदे बघितले.

"ह्यो एक नवा अन् एक जुना का?"

मी आईची कहाणी सांगितली. त्या हसल्या नाहीत. "बरोबर हाय," म्हणाल्या. "नायतर सांगायचं, मार लागला म्हून एक बदलून घेतला. आमच्या टेंपोचं एक दार असंच हाय."

स्पर्धेच्या ठिकाणी चिलखत चढवायला पाऊण तास लागला. हेल्मेटात संगणकातले दोन छोटे पंखे बसवून ते पॉवर बँकवर चालवले होते. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून भांड्याच्या साबणाचा पातळ हात दिला होता. तरी माझ्या चष्म्यावर धुकं साचलंच, कारण साबण फक्त काचेला लावला होता, चष्म्याला नाही. पुढचे चार तास मी भाच्याचा हात धरून फिरलो. बसता येत नव्हतं. पाणी पिता येत होतं, पण त्यापुढचा विचार करून प्यालो नाही. एका चिमुरडीने मला हिरवा आयर्न मॅन म्हटलं. एक काका बायकोला म्हणाले, "बॉम्बशोधक पथकाचा दिसतोय, लांबून चल."

परीक्षक आले. तरुण होते, हातात कागद. त्यांनी शिवण पाहिली, कडा पाहिल्या, वाकून पोटरीच्या आत बॅटरी मारली. तिथे ते जरा थबकले. 'गृहकृत्यदक्ष' वाचलं असावं. मग उठून खांद्यांशी आले.

"हा एकच नवीन का?"

हेल्मेटाच्या आतून मी शक्य तेवढ्या भारदस्त आवाजात म्हणालो, "मार लागला म्हणून बदलून घेतला."

त्यांचा चेहरा उजळला. मागच्या सहकाऱ्याला हाक मारून त्यांनी खांदा दाखवला, फोटो काढला, कागदावर काहीतरी लिहिलं. "इतका विचार कोणी करत नाही," म्हणाले. भाच्याने माझा हात जोरात दाबला. टाळी द्यायची असावी, पण बोटं फोममधून बाहेर येत नव्हती.

बक्षीस कोणा भलत्यालाच मिळालं. त्याचे पंख उघडमीट करत होते, तक्रार नाही. रात्री अकराला घरी पोचलो, गोण्या दारातच टाकल्या आणि आईला सगळं सांगितलं. धुतलेल्या खांद्याचंच कसं कौतुक झालं, फोटो कसा काढला, सगळं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

"मी सांगत होते ना. आण इकडे तो दुसरा."