क्रीमला भांड्यांचा न्याय कशाला?

महागड्या वस्तूंची बाजू घेणारा एक लेख वाचला. 'महाग वस्तू शेवटी स्वस्तच पडते' हे त्यातलं वाक्य भांडी, सुऱ्या यांच्यापुरतं मान्य. जाड बुडाचं भांडं वर्षानुवर्षं चालतं. पण क्रीमला हाच न्याय कसा लावणार? ती तर संपणारच! डबीवरची घटकांची यादी वाचा, ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. सुरुवातीला बहुतेकदा पाणी आणि ग्लिसरीन, आणि जाहिरातीतला तो दुर्मीळ अर्क पार शेपटाला. एक टक्क्याहून कमी असलेल्या घटकांना तर क्रमाचंही बंधन नसतं. त्वचेतला ओलावा टिकवायला ग्लिसरीन आणि साधी पेट्रोलियम जेली उत्तम, दोन्ही स्वस्त.

सनस्क्रीनचंही तेच. एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा ट्यूबवरचा आकडा) ३० असेल तर ते साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी अतिनील किरणं अडवतं, ५० वालं ९८. महागडी ट्यूब पुरवून पुरवून लावली तर तेवढंही संरक्षण मिळत नाही. त्यापेक्षा स्वस्तातलं भरपूर थापलेलं बरं.

चादरींच्या थ्रेड काउंटला, म्हणजे एका चौरस इंचातल्या धाग्यांच्या आकड्याला, भुलू नका. हजाराचा आकडा अनेकदा पिळातले धागे सुटे मोजून आलेला असतो. कापसाची प्रत बघा. परफ्यूमचं मात्र सोडा, तिथे मीही हिशेब करत नाही.