नाव भिंतीवर, गोळी बाटलीत

औषधाच्या धंद्यात बक्कळ पैसा गाठीला लागला असेल, तर एक पथ्य पाळा. बाटलीवर स्वतःचं नाव चुकूनही येऊ देऊ नका. नावासाठी भिंती असतात. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर नाव रंगवून घेणाऱ्या किरकोळ दात्यांतले तुम्ही नव्हे. अमेरिकेतल्या सॅकलर बंधूंचा कित्ता गिरवा. इजिप्तहून सुटं करून आणलेलं देंदूरचं दोन हजार वर्षांपूर्वीचं देऊळ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. १९७८ साली त्याचं दालन उघडलं. देवी इसिस, पाटी सॅकलरांची!

ब्रुकलिनमध्ये किराणा विकणाऱ्या त्यांच्या वडिलांनी मुलांना बजावलं होतं म्हणे, पैसा गेला तर परत मिळवता येतो, नाव गेलं की गेलं. पोरांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

मग गोळी काढा. त्यांच्या पर्ड्यू फार्मानं १९९६ साली ऑक्सिकाँटिन ही वेदनाशामक गोळी आणली. कूळ अफूचं, पण बारा तास हळूहळू विरघळते, म्हणून चटक क्वचितच लागते, असं कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांना पटवत फिरले. लोक गोळी चुरडून नाकानं ओढू लागले, तर दोष त्या लोकांचा. २००७ साली जोडकंपनीनं आणि तीन अधिकाऱ्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. त्या तिघांत सॅकलर एकही नाही. याला म्हणतात घराण्याचे संस्कार.

आणि हो, वेळेवर वारलेला एक पूर्वज घराण्यात असू द्या. थोरले आर्थर १९८७ सालीच गेले, त्यामुळे त्यांच्या वारसांना 'आमचा काय संबंध?' असं निदान म्हणता तरी येतं.

इतकं करूनही एखादी नॅन गोल्डिन निघतेच. ही फोटोग्राफर, स्वतः याच गोळीच्या विळख्यातून सुटलेली. मार्च २०१८ मध्ये तिनं आणि तिच्या साथीदारांनी त्याच देवळापुढच्या पाण्यात औषधाच्या रिकाम्या बाटल्या भिरकावल्या. प्रत्येकीच्या लेबलवर, औषध लिहून देणाऱ्याच्या जागी, सॅकलर! इतकी वर्षं सांभाळलेलं सोवळं एका दुपारीत बाटलं.

पुढच्या वर्षी पॅरिसच्या लूव्र म्युझियमनं आपल्या दालनावरचं सॅकलर नाव काढलं. कारण काय सांगितलं? दालनाला दिलेल्या नावाची मुदत वीस वर्षांची असते, ती संपली. औषधवाल्यांना याहून समजेल असं कारण कोणतं! २०२१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या त्या दालनावरूनही पाटी उतरली.

तेव्हा देणगी देताना कारागिराला सांगून ठेवा, अक्षरं कोरू नकोस बाबा, स्क्रूवर बसव. मागाहून भोकं बुजवायला थोडी पुट्टी पुरते.