ऑफिसबाहेर लॅपटॉप ‘फक्त 10 वेळा’ उघडतो? नाही

गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: कंपनीचा लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कबाहेर 10 वेळाच लॉगिन होतो, नंतर लॉक होतो, म्हणून शटडाउन करू नका, नुसतं झाकण मिटा. 30 दिवस ऑफिसला नेला नाही तर तो डोमेनमधून (कंपनीचे संगणक आणि अकाउंट एका ठिकाणून सांभाळणारी व्यवस्था) बाहेर पडतो. पासवर्ड चुकला तर अकाउंट लॉक. आणि काहीही अडलं तर आयटीला फोन करून पासवर्ड रिसेट करून घ्या, वायफाय जोडा, काम होईल.

यातला शेवटचा सल्ला सगळ्यात घातक आहे. चालू असलेला लॅपटॉप त्याने बंद पडत नाही, पण माणूस गावी बसून अडकतो. आधी त्या 10 च्या आकड्याचं पाहू.

हा आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा लावला आहे. डोमेनला जोडलेल्या विंडोज लॅपटॉपवर तुम्ही ऑफिसात लॉगिन करता तेव्हा डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा कंपनीचा सर्व्हर, पासवर्ड तपासतो आणि लॅपटॉप त्या पासवर्डपासून काढलेला एक ठसा स्वतःजवळ ठेवतो. घरी डोमेन कंट्रोलर दिसत नाही, तेव्हा याच ठशाशी पडताळणी होते. असे किती जणांचे ठसे ठेवायचे, ते ‘कॅश्ड लॉगऑन्स काउंट’ या सेटिंगवर ठरतं. विंडोज 10 आणि 11 मध्ये ते मुळात 10 असतं आणि 0 ते 50 पर्यंत बदलता येतं. म्हणजे मोजली जातात ती माणसं. एकाच माणसाने 500 वेळा लॉगिन केलं तरी जागा एकच लागते. ठशाला मुदतही नसते. ज्यांच्याकडे अ‍ॅडमिन हक्क आहेत त्यांनी विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधला सिक्युरिटी लॉग उघडावा: 4624 या नोंदीत लॉगऑन टाइप 11 दिसला, की ते लॉगिन ठशावरून झालं. हवं तितक्या वेळा मोजा.

अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. काही कंपन्या सुरक्षेसाठी हा आकडा 4, 2, अगदी 1 वर आणतात. समजा तो 1 आहे. शुक्रवारी लॅपटॉप दुरुस्तीला दिला, आयटीच्या माणसाने स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून काम केलं आणि तुम्ही तो तसाच बॅगेत घालून घरी नेला. त्याच्या ठशाने तुमचा बाहेर काढलेला असतो. घरी अचूक पासवर्ड टाकूनही ‘युवर डोमेन इजन्ट अव्हेलेबल’ असा संदेश येतो. शिफ्टनुसार अनेकांनी वापरायच्या लॅपटॉपवरही हेच होतं. उपाय अर्ध्या मिनिटाचा: आयटीकडून लॅपटॉप परत घेतला की ऑफिसच्या नेटवर्कवर असतानाच स्वतः एकदा साइन आउट करून लॉगिन करा. आकडा 0 असेल, किंवा अकाउंट डोमेनच्या ‘प्रोटेक्टेड युजर्स’ या जास्त सुरक्षेच्या गटात असेल, तर ठसा ठेवलाच जात नाही. अशांना बाहेर लॉगिनआधीच जोडला जाणारा व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) लागतोच.

शटडाउन न करण्याने यात काहीही वाचत नाही. बॅगेत लॅपटॉप तापतो, एवढंच.

30 दिवसांची गोष्टही अशीच अर्धवट ऐकलेली. लॅपटॉपचा स्वतःचाही डोमेनमध्ये एक पासवर्ड असतो आणि तो मुळात दर 30 दिवसांनी बदलतो. पण बदलायची सुरुवात लॅपटॉपच करतो. डोमेन कंट्रोलर दिसत नसेल तर तो जुनाच ठेवून थांबतो, आणि डोमेनच्या बाजूनेही त्याची मुदत संपत नाही. डोमेनशी नातं तुटल्याचा ‘ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड’ हा संदेश येतो तो बहुधा जुन्या स्थितीत सिस्टिम रिस्टोअर केल्यामुळे, त्याच नावाचं दुसरं मशीन जोडल्यामुळे किंवा आयटीने बरेच दिवस न दिसलेल्या मशीनचं खातं काढल्यामुळे. लांब रजेवर जाणार असाल तर ही सफाई किती दिवसांनी होते ते आयटीला विचारून ठेवा.

चुकीच्या पासवर्डचं म्हणाल, तर नेटवर्कबाहेर लॉगिन स्क्रीनवर चुकलेला पासवर्ड डोमेनपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे डोमेनचं अकाउंट त्याने लॉक होत नाही. ते लॉक होतं व्हीपीएनवर चुकल्याने, किंवा फोनमधला मेल जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहिल्याने. तरीही अंदाजपंचे पासवर्ड टाकत बसू नका. काही कंपन्यांनी मशीन लॉकआउटची, म्हणजे त्या लॅपटॉपवर किती चुका चालतील याची, मर्यादा लावलेली असते. ती ओलांडली की लॅपटॉप रीस्टार्ट होऊन बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) 48 अंकी रिकव्हरी की मागतो.

आता रिसेट. आयटीने पासवर्ड बदलला तो डोमेनमध्ये. घरातल्या लॅपटॉपला त्याची खबर नाही, त्याच्याकडे जुनाच ठसा आहे. म्हणून नवा पासवर्ड लॉगिन स्क्रीनवर चालत नाही, जुना चालतो, आणि व्हीपीएनला मात्र नवाच लागतो. लोक नवा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतात, मग दुसरा रिसेट मागतात, आणि तोवर जुना विसरतात. रिसेट झालाच असेल तर क्रम असा ठेवा: जुन्या पासवर्डने लॅपटॉप उघडा. नव्याने व्हीपीएन जोडा. व्हीपीएन चालू असतानाच विंडोजची कळ आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा, आणि नव्या पासवर्डने उघडा. या वेळी पडताळणी डोमेन कंट्रोलरकडे जाते आणि ठसा बदलतो. फोनमधला मेलचा पासवर्डही लगेच बदला.

हेल्पडेस्कला एक कळकळीची विनंती: बाहेर असलेल्याचा पासवर्ड रिसेट करताना ‘पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावा’ ही खूण काढा. ती राहिली तर बरेच व्हीपीएन आत घेत नाहीत, आणि व्हीपीएनशिवाय पासवर्ड बदलता येत नाही.

मुळात रिसेटची वेळ येऊ नये हे उत्तम. पासवर्ड संपत आल्याची सूचना विंडोज मुळात 5 दिवस आधीपासून देतं, पण मुदतीची माहिती डोमेनकडून येते. लॉगिन झाल्यावर व्हीपीएन जोडणाऱ्याला ही सूचना अनेकदा दिसतच नाही. म्हणून निघण्याआधी ऑफिसातच, किंवा व्हीपीएन चालू ठेवून, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून ‘चेंज अ पासवर्ड’मधून बदल करा. असं केलं की डोमेन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकच पासवर्ड राहतो.

‘वायफाय जोडा, काम होईल’ हे काही जणांसाठी खरं आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडा. तिथे एडी (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी) डोमेनशी, म्हणजे वर सांगितलेल्या डोमेनशी, जोडल्याचा उल्लेख असेल तर नुसतं इंटरनेट पुरत नाही. फक्त एन्ट्रा किंवा अझ्युअर एडी (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या अकाउंट सेवेचं नवं आणि जुनं नाव) असेल तर इंटरनेटवर नवा पासवर्ड सहसा चालतो. डोमेनवाल्यांनी लॉगिन स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हीपीएनचं चिन्ह आहे का पाहावं. असेल तर आधी तिथून जोडा, मग लॉगिन करा. हॉटेलच्या वायफायचं परवानगीचं पान त्या स्क्रीनवर बहुधा उघडत नाही, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट बरा.

आणि ज्याने त्या लॅपटॉपवर कधीच लॉगिन केलेलं नाही, कुरिअरने नवा लॅपटॉप घरी आला आहे, लॉगिनआधीचा व्हीपीएनही नाही? त्याचा ठसाच नसतो. आयटीकडून तात्पुरतं लोकल (फक्त त्या लॅपटॉपपुरतं) अकाउंट घ्यावं, त्याने लॉगिन करून व्हीपीएन जोडावा, विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरमधल्या कमांड प्रॉम्प्टच्या फाइलवर शिफ्ट दाबून राइट-क्लिक करावं आणि ‘रन अ‍ॅज डिफरंट युजर’ निवडून स्वतःचं डोमेन युजरनेम व पासवर्ड द्यावा. काळी खिडकी उघडली की ठसा तयार झाला. मग साइन आउट करून स्वतःच्या नावाने लॉगिन करावं. साइन आउट करताना व्हीपीएन तुटला तरी आता अडत नाही.