ट्रक उलटला म्हणून मुंबईचं हिरोशिमा होत नाही

चेंबूरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, तारापूरला अणुइंधन नेणारा ट्रक घोडबंदरला उलटला तर अर्धी मुंबई साफ, त्या इंधनाजवळ नुसतं उभं राहिलं तरी माणूस जातो, आणि आपल्याला ते बनवताच येत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी रात्री दहाला घाबरून विचारायला आल्या, म्हणून लिहितोय.

आधी स्फोटाचं. बॉम्बला युरेनियम-२३५, म्हणजे युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार, साधारण ९० टक्के लागतं. खाणीतल्या युरेनियममध्ये ते असतं ०.७ टक्के, आणि तारापूरची ३ आणि ४ नंबरची युनिटं त्यावरच चालतात, तेही भोवती जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं पाणी) असेल तरच. जुन्या १ आणि २ ला समृद्ध, म्हणजे २३५ चं प्रमाण वाढवलेलं युरेनियम लागतं, पण फार तर ३ टक्क्यांच्या आसपास. ट्रक उलटू दे नाहीतर जळू दे, त्याचा अणुबॉम्ब होणं शक्यच नाही.

जवळ गेलं की मरतो, हा सगळ्यात मोठा घोळ, कारण त्यात नवं आणि वापरलेलं इंधन एकच धरलंय. युरेनियम ऑक्साइडची पावडर दाबून गोळ्या करतात, १७०० डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजतात, बोटाच्या पेराएवढी काळी, खापरासारखी टणक गोळी होते, मग घासून एकसारख्या करून झिरकॅलॉय या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात, तोंडं वेल्ड करतात आणि १९ किंवा ३७ नळ्यांचं अर्धा मीटर लांब बंडल बांधतात. हे नवं बंडल माणसं हातमोजे घालून उचलतात, तपासतात. तेच अणुभट्टीतून बाहेर आलं की मात्र खोल पाण्याच्या टाकीतच ठेवावं लागतं, पाण्याबाहेर त्याच्या जवळ जाणं खरंच जीवघेणं.

कारखान्यात धोका नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. युरेनियमची धूळ पोटात गेली तर किडनीला घातक. आणि १९९९ ला जपानच्या तोकाइमुरात १८.८ टक्के समृद्ध युरेनियमचं द्रावण कामगारांनी बादलीने टाकीत मर्यादेबाहेर ओतलं, एका अणूने पुढचे फोडत जायची साखळी प्रक्रिया सुरू झाली, दोघं गेले. प्रश्न विचारायचेच तर असल्या कामाच्या शिस्तीबद्दल विचारा.

राहिलं बनवता येत नाही हे. युरेनियम बाहेरून मागवतो हे खरंय, झारखंडच्या जादुगुड्याच्या खाणीतलं पुरत नाही. पण गोळी, नळी, बंडल हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतं, ते १९७१ मध्ये स्थापन झालं. आणि त्याच्याही आधी, १९६० ला ट्रॉम्बेची सायरस ही संशोधनाची अणुभट्टी सुरू झाली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या इंधनापैकी निम्मं इथेच ट्रॉम्बेला बनवलं होतं, आपल्या गच्चीवरून दिसतो त्या डोंगराच्या पलीकडे.